ओला शिक्का

शंभर माणसं सहज मावतील अशा गाडीत दहाच माणसं बसवायची आणि अकरावं चढलं तर गाडी जागची हलवायची नाही, असं साथीच्या भीतीनं निघालेलं फर्मान राजधानी कीव्हहून आलं, त्या दिवशी तीन नंबरच्या ट्रॉलीबसवरची कंडक्टर स्तेफा पोट धरून हसली. दोन दिवसांचं खूळ आहे, असं तिला वाटलं. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं वरून आलेली इतकी फर्मानं पाहिली होती की नव्या फर्मानाला ती पाहुण्यासारखी वागवायची. या, बसा, आणि वेळ झाली की निघा.

“आता बर्फालाही सांगून टाका म्हणावं, दहाच्या वर पडू नकोस,” ती ड्रायव्हर ओस्तापला म्हणाली.

“हसू नका मावशी,” ओस्ताप म्हणाला. तो पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, आणि स्वभावानं भित्रा नव्हता. “काल पाच नंबरवाल्याला पोलिसांनी बाजारात अडवलं. अकरा डोकी मोजली आणि गाडी तिथंच उभी केली. सगळे उतरले आणि चालत गेले.”

खूळ दोन दिवसांत गेलं नाही. आठवड्याभरात डेपोनं गाडीचं रूपच पालटलं. पुढचं दार कुलूपबंद झालं. ड्रायव्हरच्या मागे लाल-पांढरी पट्टी ताणली गेली आणि एकाआड एक सीटवर चिकटपट्टीच्या फुल्या आल्या. म्हाताऱ्यांचे फुकट प्रवासाचे पास गोठवले, म्हणजे ज्यांना चालवत नव्हतं त्यांनाच चाला म्हणून सांगितलं. मागच्यांनी तिकिटाचे पैसे हातोहात पुढे द्यायचे आणि पुढून तिकीट हातोहात मागे जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत बंद झाली. आता गाडीत बसणार ती फक्त हॉस्पिटल, वीज, पाणी आणि बेकरीची माणसं. त्यांच्याजवळ आपापल्या कचेरीचा पास असणार, आणि पासावर ओला शिक्का असणार.

ओला शिक्का म्हणजे शाईचा, हातानं उठवलेला, निळा. छापलेला नाही, झेरॉक्समधून निघालेला काळा तर नाहीच नाही. आमच्या देशात माणूस जन्मला हे आईच्या सांगण्यावरून कोणी मानत नाही आणि मेला हे प्रेताकडे बघून कोणी मानत नाही. दोन्हीला ओला शिक्का लागतो. मग साथीच्या दिवसांत कामाला जायला तो लागावा यात नवल कसलं?

डेपोच्या आवारात सगळ्या कंडक्टर बायकांना दोन-दोन मीटरवर उभं करून तपासनीस झेनोविय यानं शिक्का ओळखायचा कसा ते दाखवलं. झेनोविय उंच, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस. नियम सांगताना त्याचा चेहरा खुलायचा. त्यानं तोंडावरचं फडकं हनुवटीवर ओढलं, अंगठा जिभेवर टेकवला आणि पासावर घासला. अंगठ्याला निळा डाग आला.

“डाग आला की शिक्का खरा,” तो म्हणाला. “नाही आला तर झेरॉक्स. खाली उतरवायचं. रडगाणं ऐकायचं नाही.” आणि त्यानं फडकं पुन्हा नाकावर चढवलं.

वीस बायका तोंडं बांधून ते बघत होत्या. एकीलाही त्यात काही खटकलं नाही. स्तेफालाही नाही. बापजाद्यांपासून शिक्का असाच तपासला जातो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्तेफाच्या नवऱ्याला, मिरोनला, ताप भरला. वीटकारखान्यात जन्मभर वायरमन म्हणून राबलेला हा माणूस. छातीत भट्टीची धूळ आधीपासून होतीच. तीन दिवस स्तेफानं मध, लसूण, घरची दारू सगळं करून पाहिलं. चौथ्या दिवशी तो पलंगावर बसून तोंड उघडून श्वास ओढू लागला आणि तिची पाचावर धारण बसली. पांढरे पोशाख घातलेली दोन माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. तिची तपासणी झाली. काही निघालं नाही. नर्सनं फोनवर सांगितलं, “ऑक्सिजनवर ठेवलंय. भेटायला यायचं नाही.”

तीन नंबरच्या गाडीचं एक टोक वीटकारखाना वस्ती, जिथं स्तेफा राहायची. दुसरं टोक टेकडीवरचं हॉस्पिटल. मधे दहा किलोमीटर, शेवटचे दोन सगळे चढाचे. दिवसातून सहा वेळा स्तेफाची गाडी त्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांपैकी मिरोनची कुठली हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळ्यांकडे आळीपाळीनं बघायची. मग ओस्ताप घंटी वाजवायचा आणि गाडी वळायची.

हॉस्पिटल जुनं. भिंतीतून ऑक्सिजन येण्याची सोय राजधानीत असेल, आमच्याकडे नव्हती. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथं माणसाच्या छातीएवढ्या लोखंडी टाक्या उभ्या असायच्या आणि नळी खिडकीतून वर जायची. टाक्या संपल्या की बदलायच्या. एकेक टाकी ऐंशी किलोची. नट गंजलेले. हे काम ओनुफ्री करायचा, आणि ओनुफ्री स्तेफाच्या समोरच्या दारात राहायचा.

त्रेसष्ट वर्षांचा, मिशाळ, एका पायानं लंगडणारा ओनुफ्री आणि मिरोन हे तीस वर्षांचे दोस्त. एकत्र मासे धरायला जायचे आणि न धरता परत यायचे. ओनुफ्रीला बायको नव्हती, ती इटलीत कुणा म्हातारीची शुश्रूषा करायला म्हणून गेली ती तिकडेच राहिली. टाक्या बदलणारा त्याच्या जोडीचा माणूस साथीच्या भीतीनं काम सोडून गावी पळाला होता. तेव्हा टाक्या बदलणारा आता तो एकटाच उरला होता. संध्याकाळी आठला भरलेल्या टाक्या जोडून तो घरी यायचा. त्या सकाळी साडेसातपर्यंत पुरायच्या. साडेसातच्या आत तो शेडमध्ये हवा, एवढाच हिशेब होता, आणि सहा वीसची पहिली गाडी त्याला तिथं सातला पोचवायची.

मिरोनला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्तेफा गाडीच्या मधल्या दारात उभी होती. ओनुफ्री रांगेतून आला आणि त्यानं कागद पुढे केला. झेरॉक्स. शिक्का काळा.

“हे काय, भावजी?”

“टाक्यांच्या ठेकेदाराच्या कचेरीनं फोनवर पाठवलाय. मी छापून घेतला.”

“अस्सल कुठंय?”

“अस्सल कचेरीत. कचेरी जिल्ह्याच्या गावी. तिला टाळं. शिक्का आतल्या तिजोरीत,” ओनुफ्री म्हणाला. “आणि हॉस्पिटलातला मोठा डॉक्टर म्हणतो, तू आमच्या पगारपत्रकात नाहीस, मी शिक्का मारला तर उद्या माझी चौकशी लागेल. कालपर्यंत तुम्ही शेजारी म्हणून कागद मागितला नाहीत, पोलीसही ओळखीचा होता, सोडायचा. आज नवा आलाय म्हणे बाजारात.”

आत नऊ माणसं बसली होती. स्तेफानं त्याला दहावा म्हणून चढवला, आणि बाजाराच्या थांब्यावर नव्या पोलिसानं त्याला उतरवला. तिथून तो लंगडत चढ चढला. साडेसातला पाच मिनिटं असताना पोचला. संध्याकाळी त्यानं दारातून स्तेफाला सांगितलं, “वहिनी, मिरोनची नळी मी स्वतः बघून आलो. तो दोन वाक्यं बोलला. त्यातली एक शिवी होती.” आणि मग कंबर धरून जिन्यावरच बसला. “पण उद्या माझ्यानं नाही चालवणार. खोटं कशाला सांगू.”

स्तेफा रात्रभर कूस बदलत राहिली. पहाटे तिला सुचलं ते इतकं सोपं होतं की ती अंधारात उठून बसली. दहा माणसं म्हणजे दहा उतारू. ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यात धरत नाहीत, आणि त्यांना पासही कोणी विचारत नाही.

पावणेसहाला तिनं समोरचं दार वाजवलं आणि आपलं नारिंगी जाकीट ओनुफ्रीच्या हातात दिलं. बिल्ला त्यालाच टाचलेला होता.

“घाला. पहिल्या फेरीला कंडक्टर तुम्ही. ओस्ताप जाकीट परत आणेल, दुसऱ्या फेरीला मी चढते.”

ओनुफ्रीनं जाकीट छातीशी धरून पाहिलं. “बिल्ल्यावर बाईचा फोटो आहे, वहिनी.”

“फडकं बांधल्यावर कोण बाई नि कोण बुवा? मिशी आत कोंबा.”

ओस्तापला तिनं थांब्यावर सांगितलं. त्यानं आरशात बघितलं, ओनुफ्रीकडे बघितलं, मग डोकं खाजवलं. “मावशी, मी काही पाहिलं नाही. मी तारांकडे बघून गाडी चालवतो.” एवढं बोलून त्यानं दार बंद केलं.

जाण्याआधी स्तेफानं ओनुफ्रीला सगळं शिकवलं होतं. दारात कसं उभं राहायचं, नऊ झाल्यावर आवाज कसा चढवायचा, आणि शिक्का कसा तपासायचा. फडकं खाली, अंगठा जिभेला, घासायचं, निळं आलं की पुढे चला.

आणि गंमत अशी की हा माणूस त्या कामात रमला. दुसऱ्यांनी त्याच्यावर गुरकावण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, आता त्याला गुरकावायला मिळालं. “मागे सरका! फुलीवर बसू नका! तुमचा शिक्का पुसट आहे, बाई, तुमच्या साहेबाला सांगा शाई नवी घे!” ओस्ताप रोज संध्याकाळी स्तेफाला त्याच्या नकला करून दाखवायचा. ओनुफ्री एकही पास सोडायचा नाही. नर्स असो, बेकरीवाला असो, प्रत्येकाच्या कागदावर अंगठा. ज्याच्याजवळ स्वतःचा खरा पास नव्हता तो माणूस बाकीच्यांचे पास असे तपासायचा, की झेनोवियनं पाहिलं असतं तर त्याला बढती दिली असती.

सकाळचा तेवढा दीड तास स्तेफाला मोकळा मिळू लागला. ती मिरोनसाठी कोंबडीचं सूप करायची, बरणीत भरून टॉवेलात गुंडाळायची आणि दुसऱ्या फेरीला फाटकाशी ओनुफ्रीच्या हाती द्यायची. भेटायला बंदी होती, पण टाक्या बदलणाऱ्याला कोण अडवतो? संध्याकाळी रिकामी बरणी आणि खबर परत यायची. आज उठून बसला. आज सुपाला मीठ कमी आहे म्हणाला. आज खिडकीतून तुमची गाडी बघितली म्हणाला, उजवीकडून तिसरी खिडकी. ती खबर आली त्या दिवसापासून स्तेफा एकाच खिडकीकडे बघू लागली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मिरोन घरी आला. बारा किलोनं कमी, पण स्वतःच्या पायांनी जिना चढून. त्या वर्षी देवळात गर्दी करायला बंदी होती. पाद्रीबाबांनी फाटकाबाहेर ठेवलेल्या सणाच्या पदार्थांच्या टोपल्यांवर लांबूनच तीर्थ शिंपडलं. स्तेफानं गोड पावाचा अर्धा भाग, रंगवलेली अंडी आणि लोणी ओनुफ्रीच्या दारात नेऊन ठेवलं. दोघं दोन दारांत उभे राहून रडले. मिरोन आतून ओरडला, “अरे, मी जिवंत आहे, रडता कशाला!”

सणाचे दोन दिवस गेल्यावर ओनुफ्री रोजच्यासारखा जाकीट मागायला आला तेव्हा स्तेफा जरा घुटमळली.

“भावजी, किती दिवस चालवायचं हे? तुमच्या ठेकेदाराचं काय झालं? माझी पेन्शन दोन वर्षांवर आलीय. पकडले गेलो तर मला काढतील.”

ओनुफ्रीच्या मिशा फडक्यातून बाहेर आल्या होत्या. त्यानं त्या आत कोंबल्या. “गरज सरो नि वैद्य मरो, असं होय वहिनी?” तो हसून म्हणाला. “वर अजून अकरा जण आहेत नळीवर. त्यांच्याही बायका आहेत.”

तिला लाज वाटली. तिनं जाकीट दिलं, पण मनापासून दिलं नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं. नवरा घरात खुर्चीवर बसून पाव खात होता. आता त्या अकरा जणांची तोंडं तिला दिसत नव्हती. माणसाचं असंच असतं, आणि स्तेफा काही जगावेगळी नव्हती.

आठवडा तसाच गेला. मग एका नर्सनं डेपोत फोन करून सांगितलं, तीन नंबरवरचा कंडक्टर खोकतो आणि खोकता खोकता आमच्या पासांवर थुंकी लावतो.

दुसऱ्या दिवशी झेनोविय बाजाराच्या थांब्यावर उभा होता. तो चढला, जाकिटावरचा बिल्ला त्यानं वाचला, आणि मग जाकिटातल्या माणसाचे घामानं भिजलेले केस आणि लाल डोळे बघितले. ओनुफ्री दांडा धरून उभा होता. त्याच्या अंगात ताप होता हे कुणालाही कळलं असतं. “मला वर जाऊ द्या,” एवढंच तो म्हणाला. “टाक्या बदलतो, मग काय ते करा.” झेनोविय मागे सरकला आणि गाडी तशीच वर गेली. हॉस्पिटलच्या फाटकाशी ओनुफ्री उतरला, त्यानं टाक्या बदलल्या, आणि पायऱ्या चढून तो ज्या वॉर्डाला आजवर ऑक्सिजन देत आला होता त्या वॉर्डात जाऊन आडवा झाला.

त्याला ते कुठून लागलं हे कोणी सांगू शकणार नाही. वॉर्डातून लागलं असेल. पण स्तेफाला रात्री झोपताना तो अंगठा दिसायचा, जिभेवर आणि कागदावर, कागदावर आणि जिभेवर, रोज दहा माणसांच्या पासांवरून फिरणारा. तिनंच शिकवलेला.

तिला आणि ओस्तापला चौदा दिवस घरी बसवलं. चौकशी झाली. झेनोवियनं कागद वाचून दाखवला. बिल्ला परक्याच्या हाती दिला, साथीच्या काळात जनतेच्या जिवाशी खेळ केला.

“अहो, पण त्यानं रोज दहा-बारा जीव—” स्तेफा बोलायला लागली.

“बाई, माणूस म्हणून मला समजतं,” झेनोविय म्हणाला. “पण मी इथं माणूस म्हणून बसलेलो नाही. पुन्हा एकही चूक झाली तर बडतर्फी. पेन्शनच्या तोंडावर. करा सही.” तिनं सही केली. त्यानं त्यावर शिक्का मारला.

मिरोन घरात भिंती धरून चालू लागला होता. रोज संध्याकाळी त्याचा एकच प्रश्न असायचा, “ओनुफ्री कसा आहे?” स्तेफा नर्सला फोन लावायची. नळीवर आहे. नळीवर आहे. थोडा बरा आहे, पण नळी काढली की निळा पडतो. टाक्या सध्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बदलतो. मिरोन म्हणायचा, “बरा होईल. तो रेडा आहे. नदीवर बर्फ फुटून पाण्यात पडला होता एकदा, तरी शिंकला नव्हता.”

मे महिन्याच्या मध्यावर स्तेफा कामावर परतली. तिनं कानाला खडा लावला होता. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ती आता सहा माणसं असली तरी दोनदा मोजायची. पहिल्याच सकाळी वीटकारखान्याच्या थांब्यावर झेनोविय हजर. तो तिच्यावर नजर ठेवायला आला होता आणि गाडीत सगळ्यांत आधी चढून मागच्या सीटवर फॉर्म घेऊन बसला. तपासनीस कंडक्टर नव्हे, ड्रायव्हरही नव्हे. तेव्हा तो मोजणीत धरायचा. हा नियम त्यानंच एकदा डेपोत समजावून सांगितला होता.

एक झेनोविय. मग तीन नर्सा, दोन बेकरीवाले, पाणीपुरवठ्याचा एक, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या दोघी, विजेचा एक. दहा.

अकरावा एक तरुण आला, पंचविशीचा, हातात नवे कातडी हातमोजे. त्याला वस्तीत पाहिल्यासारखं स्तेफाला वाटलं, नाव ठाऊक नव्हतं. त्यानं कागद पुढे केला. झेरॉक्स. शिक्का काळा. तरी तिनं अंगठ्यानं घासून बघितलं. तिचा अंगठा कोरडा होता, तेवढं शहाणपण आता आलं होतं. डाग आला नाही, येणारच नव्हता.

“अस्सल उद्या देणारेत,” तो म्हणाला. “माझा आज पहिलाच दिवस आहे, मावशी. रुग्णवाहिकेवाला आजारी पडला. साडेसातला टाक्या संपतात म्हणून सांगितलंय मला.”

स्तेफाला सगळं कळलं. मागाहून ती स्वतःशी कितीही काही म्हणाली तरी त्या क्षणी तिला सगळं कळलं होतं. टाक्या म्हणजे काय, साडेसात म्हणजे काय, आणि वर नळीवर कोण आहे. तिनं मागे बघितलं. झेनोविय मान खाली घालून लिहीत होता. त्यानं ऐकलं होतं, कारण त्याचं पेन थांबलं होतं. मग ते पुन्हा चालू झालं. तिनं नर्सांकडे बघितलं. एक म्हणाली, “कोणीतरी उतरा ना,” पण ती स्वतः उठली नाही. बाकीचे मोबाइलात बघत होते. गाडीतल्या नव्वद जागा मोकळ्या होत्या.

साहेब, तुम्ही उतरा. एवढंच म्हणायचं होतं. चार शब्ददेखील नाहीत. ते तिच्या जिभेवर आले आणि तिथंच राहिले. पेन्शन, सही, बडतर्फी, खुर्चीवर बसलेला मिरोन, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि मग तिला ते आयतं कारण सापडलं. तरणाताठा आहे. जाईल चालत.

“नियम आहे, बाळा,” ती म्हणाली. “जागा नाही.”

तरुणानं गाडीच्या आत, त्या सगळ्या रिकाम्या सीटांवरून नजर फिरवली. ओस्ताप आरशातून बघत होता. त्यानं दार बंद केलं नव्हतं.

“मावशी?” त्यानं विचारलं.

“बंद कर दार.”

त्यानं आणखी क्षणभर वाट बघितली. मग दार लागलं. मागच्या काचेतून स्तेफाला तो तरुण पळायला लागलेला दिसला, हातमोजे खिशात कोंबत. पुलापर्यंत तो दिसत होता. मग गाडी वळली. त्या संध्याकाळी तिनं नर्सला फोन लावला नाही, आणि मिरोनला सांगितलं की लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा थांब्यावर होता. पास अस्सल, निळा. आत आठच माणसं होती आणि झेनोविय नव्हता. त्याचं नाव युर्को, हे तिनं पासावर वाचलं. तो आत जाऊन बसला नाही, तिच्याजवळच दांडा धरून उभा राहिला.

“काल मी आठला पाच कमी असताना पोचलो,” तो समोर बघत म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “पंचवीस मिनिटं. दोन नर्सा नटाला झोंबल्या होत्या, त्यांना तो हलेना. बाकीच्यांना त्यांनी कसंतरी दुसऱ्या वॉर्डातल्या नळ्यांवर नेलं. एकाला न्यायचं राहिलं. माझ्याआधी टाक्या बदलायचा तो म्हातारा. म्हणाला म्हणे, मला शेवटी न्या, मला सवय आहे.”

स्तेफानं दांडा धरला. गाडी चालू होती.

“तुमच्या ओळखीचा होता का, मावशी?”

तिनं मान हलवली. युर्कोनं ती हो म्हणून धरली की नाही म्हणून, कोण जाणे. बाजाराच्या थांब्यावर पोलिसानं आत डोकावून डोकी मोजली आणि हात हलवला. जा. आठवड्याभरानं पास रद्द झाले, फुल्या निघाल्या, आणि गाड्या पुन्हा भरभरून धावू लागल्या. पण ते आठवड्यानंतर. त्या दिवशी ती सहाही फेऱ्यांत दारात उभी राहिली आणि तिनं एकही पास तपासला नाही. फाटकाशी गाडी थांबली की ती खाली जमिनीकडे बघायची.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मिरोन स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. आजारपणानंतर त्यानं पहिल्यांदाच हातात सुरी घेतली होती आणि त्याला त्याचा अभिमान वाटत होता. त्यानं वर बघितलं.

“ओनुफ्री कसा आहे?”

स्तेफानं पिशवी ठेवली. जाकीट अंगातच होतं.

“ओनुफ्री गेला. काल सकाळी.”

मिरोनच्या हातातला बटाटा भांड्यात पडला. मग त्यानं सुरी टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसले.

“बरा होत होता ना? परवा तर नर्स म्हणाली, सूप मागितलं.”

“टाक्या संपल्या. बदलणारा वेळेवर पोचला नाही.”

“का? काय झालं त्याला?”

“काही नाही. सहा वीसला थांब्यावर होता. गाडीत घेतलं नाही त्याला. दहा झाले होते.”

मिरोन तिच्याकडे बघत राहिला. त्याचा श्वास अजून नीट लागत नव्हता, बोलण्याआधी त्याला थांबावं लागायचं. तो थांबला.

“सहा वीसची तर तुझीच गाडी,” तो म्हणाला. “काल तू नव्हतीस?”

“होते,” स्तेफा म्हणाली.